आई खूश असते तेव्हा

नागपूर
१८ जून २०१६

ती. अक्कामावशीस,
साष्टांग नमस्कार. पत्राची सुरुवात अशी करायची असते असं बाबांनी सांगितलं. पुढचं मी माझ्या मनानं लिहिते आहे.

आम्ही पोचलो. बाबा गाडीत बराच वेळ झोपले होते. तू दिलेलं चित्रान्न मी एकटीनं खाल्लं, बाबांसाठी थोडं ठेवलं. इथे अजून खूप ऊन आहे. कूलरसमोर बसून लिहिते आहे म्हणून कागद फडफडतो आणि अक्षर वाकडं येतं.

आई स्टेशनवर आली नव्हती. घरी पलंगावर होती. तिनं मला जवळ घेतलं, पण बोलली काहीच नाही. ती बारीक झाली आहे आणि दिवसभर झोपते. चहा ओतताना तिचा हात हलतो, मग बशीत सांडतो. मी विचारलं तर बाबा म्हणाले, तिला ऊन लागलं. म्हणजे बघ, ऊन मला सोसत नाही म्हणून मला बंगळूरला पाठवलं आणि लागलं आईलाच. पुढच्या वर्षी आईलाही पाठवा, असं मी बाबांना म्हटलं. ते हो म्हणाले नाहीत.

शेषगिरीकाकांना सांग, की त्यांनी शिकवलेलं 'स्वल्प जास्ती हाकी', म्हणजे थोडं जास्त घाला, असं मी इथल्या पाणीपुरीवाल्याला म्हटलं. त्यानं नुसतं बघितलं. मग मला तुमच्या फोर्थ ब्लॉकच्या बाजाराची, काकांच्या स्कूटरची आणि दुपारच्या त्या धो धो पावसाची एकदम आठवण आली. मला तिकडे रडू आलं नव्हतं. इथे आल्यावर आलं. हे कुणाला सांगू नकोस, आईला वाईट वाटेल.

तुझी,
शाल्मली


जयनगर, बंगळूर
२९ जून २०१६

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. पोस्टमननं फाटकातूनच हाक मारली, "अम्मा, मराठी लेटर." या घरी मराठी पत्र येऊन किती वर्षं झाली असतील कोण जाणे. काकांनी माझ्या हातातून घेऊन आधी वाचलं, मग मला वाचून दाखवलं. मला वाचता येत नाही जसं काही.

माझ्या लिहिण्यातल्या चुका काढायच्या नाहीत, सरी? आमची शाळा कन्नडची. मराठी आमची घरातली, स्वयंपाकघरातली. कुणा सरदाराबरोबर आमचे पूर्वज इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं आमचे अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, सांगायचे. अण्णांनीच मला आणि तुझ्या आईला पाटीवर बाराखडी शिकवली. तुझी आई माझ्याहून सात वर्षांनी लहान, पण तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. तिला मी नुसती अक्का. तू मात्र अक्काही म्हणतेस आणि मावशीही म्हणतेस. काकांना त्याचं भारी हसू येतं.

आईची काळजी करू नकोस. तिला विश्रांती हवी आहे. बोलली नाही तरी तू तिच्याजवळ जाऊन बस. तुला बोलायला आवडतंच; तू बोल, ती ऐकेल. हात थरथरतो त्याचं काही नाही, काही दिवसांनी कमी होईल.

फोन आहेच, पण तू मला पत्रच लिहीत जा. फोन बाबांचा, तो सगळ्यांसमोर वाजतो. पत्र तुझं आणि माझं.

तू आंघोळीला जाताना गात होतीस ते गाणं काका आता चुकीच्या चालीवर गातात. घर फार मोकळं मोकळं झालं आहे.

तुझी,
अक्कामावशी


नागपूर
२७ मार्च २०१८

प्रिय अक्कामावशी,

मला या वर्षी बंगळूरला यायचं नाही. रागावू नकोस. कारण सांगते.

आई इतकी छान झाली आहे! हिवाळाभर ती गप्प गप्प असते ते तुला माहीत आहे. होळीपासून ती एकदम उठली. मी शाळेतून आले तर तिनं माझ्या खोलीची एक भिंत स्वतः निळी रंगवली होती, केसांत रंग, साडीला रंग. म्हणाली, "शालू, नागपुरात समुद्र नाही ना, म्हणून आणला." रविवारी आम्ही दोघी अंबाझरी तलावावर गेलो आणि तिनं तिथल्या सगळ्या मुलांना कुल्फी दिली. ओळखीची नव्हती तरी. ती कन्नड गाणी म्हणते. मी पहाटे उठते तेव्हा तिचा स्वयंपाक झालेला असतो, फुलं आणलेली असतात, आणि ती खिडकीतून चिमण्यांशी बोलत असते. तिला झोप लागतच नाही म्हणते, झोपण्यात वेळ फुकट जातो.

माझ्या मैत्रिणी म्हणतात, तुझी आई किती मजेशीर आहे गं.

फक्त बाबा चिडचिड करतात. काल त्यांनी तुला फोन केला आणि दार लावून बोलले. नंतर मला म्हणाले, तुझं तिकीट काढलंय, परीक्षा संपली की निघायचं. मी रडले. दर वर्षी असंच होतं. आई खूश व्हायला लागली की तुम्ही मला बोलावता. मी परत येते तोवर ती पुन्हा झोपलेली असते. तुम्हाला कळत नाही का, की तिला माझ्याशिवाय करमत नाही आणि म्हणूनच ती आजारी पडते?

कृपा करून बाबांना सांग.

तुझी,
शाल्मली


जयनगर, बंगळूर
३ एप्रिल २०१८

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. 

बाळा, तू ये. मी हट्टानं बोलावते आहे असं समज. मला मूल नाही, तू आलीस की दोन महिने या घराला घरपण येतं, एवढं कारण पुरेसं नाही का? काकांनी पुढच्या खोलीतलं कपाट तुझ्यासाठी रिकामं केलं आहे. आपल्या रस्त्यावरची जकरंदा फुलून गेली, आता गुलमोहोर सुरू होईल. लालबागेत आंब्यांचा बाजार भरेल तेव्हा काका तुला घेऊन जाणार आहेत. मला नको म्हणाले, मी घासाघीस करत बसते म्हणून.

आई तुझ्याशिवाय आजारी पडते, असं मनात आणू नकोस. तसं अजिबात नाही. हे मी तुला शपथेवर सांगते. बाकीचं मोठ्या माणसांवर सोड.

भिंत निळी रंगवली ते छान केलं. लहानपणीसुद्धा ती तशीच. आमच्या बसवनगुडीच्या घरामागे पेरूचं झाड होतं; मी खाली उभी राहून ओरडायची आणि ही शेंड्यावर बसून खायची. पडेल पडेल असं वाटायचं. कधी पडली नाही.

येच.

तुझी,
अक्कामावशी


नागपूर
२४ जून २०१८

प्रिय अक्कामावशी,

पोचले. सुट्टी फार छान झाली. काकांबरोबर पावसात भिजून खाल्लेला गरम दोसा मी विसरणार नाही, आणि तू रागावलीस तेही.

पण एक विचारायचं आहे. तुम्ही सांगितलं होतं, की आई पुण्याला ट्रेनिंगला गेली आहे म्हणून फोनवर येत नाही. काल ठकुबाई भांडी घासताना शेजारच्या काकूंना म्हणाली, "बाईंना दवाखान्यातून आणून आठ दिस झाले, अजून धड जेवत नाहीत." मी दारात होते. मला बघून ती गप्प झाली.

आईला काय झालं होतं? बाबांना विचारलं तर ते म्हणाले, मोठी झालीस की सांगू. मी अकरा वर्षांची आहे. आईला विचारावं असं वाटतं, पण ती माझ्याकडे बघून हसते आणि ते हसू संपायच्या आतच तिचे डोळे मिटतात.

तू खोटं बोलणार नाहीस म्हणून तुला विचारते आहे.

शाल्मली


जयनगर, बंगळूर
२ जुलै २०१८

चि. शालूस आशीर्वाद.

आईच्या पोटाचं लहानसं ऑपरेशन झालं. तू सुट्टीत घाबरशील म्हणून सांगितलं नाही. आता ती बरी आहे. औषधांनी झोप येते, एवढंच.

ठकुबाईचं बोलणं मनावर घेऊ नकोस. अभ्यास नीट कर. काकांनी तुझ्यासाठी कन्नड अक्षरांचं पुस्तक आणलं आहे, वेगळ्या पाकिटानं पाठवते.

तुझी,
अक्कामावशी


नागपूर
१९ जुलै २०२०

अक्कामावशी,

तुझे फोन येतात आणि मी घेत नाही. बाबा तुला सांगत असतील, की मी अंघोळ करते आहे. मी इथेच बसलेली असते.

या उन्हाळ्यात गाड्या बंद झाल्या, म्हणून तुम्हाला मला पाठवता आलं नाही. त्यामुळे मी सगळं बघितलं.

मार्चच्या शेवटी आई नेहमीसारखी खूश झाली. मलाही आनंद झाला, की या वर्षी मी इथे आहे, आता ती आजारी पडणार नाही. बाबा सारखे फोन करत होते. डॉक्टर बघत नव्हते, औषधाच्या दुकानात तिच्या गोळ्या नव्हत्या. मला वाटायचं कसल्या गोळ्या, ती तर इतकी मजेत आहे. आम्ही दोघींनी मिळून गच्चीवर नाच केला. मग ती झोपेनाशी झाली. मग बोलणं थांबेना. एका वाक्यातून दुसरं, त्यातून तिसरं, आणि मी हसले नाही तर रागवायची. मग म्हणाली, पोलिसांना उन्हात उभं राहावं लागतं, त्यांना ताक द्यायचं. घरातलं सगळं दूध विरजलं. पिंप घेऊन रस्त्यावर निघाली. कर्फ्यूसारखं होतं, बाबांनी अडवलं तर त्यांच्या हाताला चावली.

दुपारी बाबांनी तिला आतल्या खोलीत नेलं आणि मला म्हणाले, "शालू, कडी धरून ठेव. मी गाडीची सोय करतो." आमची ती कडी ढिली आहे, धरावीच लागते. मी धरली.

आई आधी आतून गोड बोलली. "शालूबाळा, उघड, आपण बंगळूरला जाऊ, अक्काकडे." मी उघडलं नाही. मग ती म्हणाली, "तू माझी मुलगी नाहीस. त्यांनी बसवलेली पहारेकरीण आहेस." मग तिनं जे जे म्हटलं ते मी लिहिणार नाही. सगळं तिच्याच आवाजात होतं, मावशी. दुसऱ्या कुणाचा आवाज असता तर बरं झालं असतं.

गाडी आली तेव्हा ती शांत झाली होती. लाल साडी नेसून तिनं मला टाटा केला. लग्नाला निघाल्यासारखी.

बाबांनी मग सांगितलं. आजाराचं नाव बायपोलर. माझ्या जन्मानंतर सुरू झाला. बहुतेक उन्हाळ्यात उसळतो. म्हणजे निळी भिंत आजार होता. कुल्फी आजार होता. मला माझी आई सगळ्यात जास्त आवडायची, तेव्हा तेव्हा ती आजारी होती.

आणि ती दवाखान्यात असताना मी लालबागेत आंबे खात होते. तू मला खायला घालत होतीस आणि तुला माहीत होतं. पोटाचं ऑपरेशन म्हणालीस. मी तुला मुद्दाम विचारलं होतं, तू खोटं बोलणार नाहीस म्हणून.

त्या सगळ्या सुट्ट्या मला आता नकोशा झाल्या आहेत.

शाल्मली


जयनगर, बंगळूर
२ ऑगस्ट २०२०

शालू,

मी खोटं बोलले. त्याला दुसरं नाव नाही. तुझं ते पत्र आलं तेव्हा काका म्हणाले होते, "मथुरा, सांगून टाक, पोर विचारते आहे." मी ऐकलं नाही.

आता खरं तेवढं लिहिते.

तू दोन वर्षांची असताना तुझ्या आईला, वासंतीला, पहिल्यांदा असं झालं. बरी झाल्यावर ती इथे आली होती. तू काकांच्या पोटावर झोपली होतीस. तुझ्याकडे बघत ती मला म्हणाली, "अक्का, हिनं मला तसं बघू नये. कधीच. तेवढं तू कर." ती तेव्हा पूर्ण शुद्धीत होती. आपल्याला काय होतं, ते तिला तुझ्या बाबांपेक्षाही जास्त ठाऊक होतं. म्हणून तू शाळेत जायला लागल्यावर आम्ही तिघांनी ठरवलं. ऊन सोसत नाही, हे कारणही तिनंच काढलं.

तू आंबे खात होतीस ते मला माहीत होतं, हो. तिलाही माहीत होतं. दवाखान्यात जरा निवळली, की तिथली नर्स फोन लावून द्यायची. तिचा आवाज जड असायचा, शब्द चिकटायचे. ती एकच विचारायची, "आज शालूनं काय केलं?" मी सांगायची. काय खाल्लंस, कशाला हसलीस, काकांशी कशावरून भांडलीस. एकदा तू कन्नडमध्ये फुलवालीशी हुज्जत घातलीस ते मी सांगितलं तर ती हसली. त्या महिन्यातलं तिचं ते पहिलं हसू, असं नर्स म्हणाली.

तेव्हा त्या सुट्ट्या खोट्या म्हणू नकोस. माझ्यावर राग धर, तो मला मान्य आहे. पण त्या सुट्ट्यांवर तीही जगली आहे.

दाराआडून ती जे बोलली ते तिला आठवत नसेल. तुला आठवेल. तुझं काय करू, हे मला सुचत नाही. मी तिथे असते तर कडी मी धरली असती.

अक्कामावशी


जयनगर, बंगळूर
११ एप्रिल २०२१

चि. शालूस आशीर्वाद.

माझ्या मागच्या तिन्ही पत्रांना उत्तर नाही. हरकत नाही, लिहायचं माझं काम. वासंती या वर्षी वेळेवर गोळ्या घेते आहे आणि उन्हाळा आतापर्यंत सरळ चालला आहे, असं तुझे बाबा, विलासराव, म्हणाले. ऐकून बरं वाटलं. इथे पुन्हा सगळं बंद होईलसं दिसतं. काका गच्चीवर फेऱ्या मारतात. पुढच्या खोलीतलं कपाट रिकामंच आहे.

तुझी,
अक्कामावशी


नागपूर
९ एप्रिल २०२२

प्रिय अक्कामावशी,

खूप दिवसांनी लिहिते आहे. राग गेला आहे का, ते मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही.

आई बरी आहे. जवळजवळ दोन वर्षं झाली, एकदाही दवाखाना नाही. बरी नाही ती मीच, असं वाटायला लागलं आहे.

मी तिच्यावर नजर ठेवते. ती किती वाजता झोपली, किती वेळा उठली, फोनवर किती वेळ बोलली. नवी साडी नेसली की कधी घेतली, कितीला घेतली ते विचारते. ती भाजीवाल्याशी दोन वाक्यं जास्त बोलली की मी तिला आत बोलावते. परवा ती कणीक मळताना गुणगुणत होती. कन्नड गाणं. मी बाबांना ऑफिसमध्ये फोन केला. ते धावत आले, घामाघूम, हातात डॉक्टरांचा नंबर लावलेला फोन.

आईनं बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "कणीक मळते आहे मी." हात धुतले आणि आत गेली. त्यानंतर ती गुणगुणली नाही. दोन दिवस बोललीही नाही, आणि मी घाबरले, की आता दुसरी बाजू सुरू झाली की काय. हे असं आहे. ती हसली तरी भीती, नाही हसली तरी भीती.

अजून एक. मला इंटरनेटवर वाचून कळलं, की हे घराण्यात असतं. गेल्या आठवड्यात मला वर्गात खूप हसू आलं, थांबेना. मैत्रिणी हसत होत्या तशीच मी. पण मी बाथरूममध्ये जाऊन आरशात बघितलं, की माझे डोळे तिच्यासारखे दिसतात का. मला होईल का गं हे? या वेळी खरं सांग.

शाल्मली


जयनगर, बंगळूर
१५ एप्रिल २०२२

माझ्या शालूस,

खरं सांगते. मला माहीत नाही.

आमच्या आईला होतं. तेव्हा त्याला नाव नव्हतं. अंगात येतं म्हणायचे, मागच्या खोलीत ठेवायचे, आणि पाहुण्यांना सांगायचे ती माहेरी गेली. तिला औषध मिळालं नाही. वासंतीला झालं, तिला औषध मिळालं. मला झालं नाही. मीही तुझ्या वयाची असताना आरशात बघायची, चाळिशीपर्यंत बघत होते. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, काकांनाही नाही. बघून काही होत नाही, शालू. झालंच तर आपण डॉक्टरकडे जाऊ, लपवणार नाही, एवढं वचन मी तुला देते. आणि वर्गात हसू आलं तर हसायचं.

आता माझं ऐक. या मे महिन्यात तू एकटी येऊ नकोस. वासंतीला घेऊन ये. विलासरावांशी बोलले आहे. तिच्या डॉक्टरांनाही विचारलं, ते म्हणाले, गोळ्या आणि झोप सांभाळली तर अवश्य जाऊ द्या. लग्नानंतर तिनं एकही उन्हाळा इथे काढलेला नाही. तिच्या वाटचे उन्हाळे तूच काढलेस.

तुझी,
अक्कामावशी


जयनगर, बंगळूर
१३ जून २०२२

चि. शालूस,

तू दहावीच्या वर्गांसाठी परत गेलीस आणि मला अक्कानं ठेवून घेतलं. पाच दिवस झाले. तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. अक्कानं कागद दिला, पेन दिलं, आणि दार ओढून घेतलं. हात थोडा थरथरतो, अक्षर समजून घे.

तू निघालीस त्याच्या आदल्या संध्याकाळी आपण चौघं फोर्थ ब्लॉकला गेलो होतो. तिथला एक दुकानदार भावजींना म्हणाला, "दोघी बहिणी का?" आणि तुझ्याकडे अन् माझ्याकडे बोट केलं. मला हसू आलं. खूप आलं. भर रस्त्यात, पिशवी खाली ठेवून मी हसले. तू माझा दंड धरलास. तुझी बोटं गार पडली होती. तू माझ्या डोळ्यांत बघत होतीस, डॉक्टर बघतात तशी. मी तेव्हाच गप्प झाले.

रिक्षात तुला मी काही बोलले नाही. आता बोलते. शालू, मी नुसती हसले होते गं. त्याला काही कारण होतं, ते संपल्यावर हसूही संपलं. आजारातलं हसू कसं असतं ते मला आतून माहीत आहे. त्याला तळ नसतो, ते थांबवायचं म्हटलं तर राग येतो. हे तसं नव्हतं. दोन्ही हसण्यांना तोंड एकच असल्यामुळे तुम्हाला फरक दिसत नाही, त्यात तुमची चूक नाही. पण तुम्ही सगळे माझ्या आनंदाचा ताप मोजत बसलात, तर मी आनंदी व्हायचंच सोडून देईन. थोडं सोडलंच होतं. गोळ्यांनी माणूस जगतो, पण कणीक मळताना गाणं येतं ते गोळीनं येत नाही.

अक्कानं मला तुझी पत्रं दाखवली नाहीत, ती तुमची दोघींची आहेत. पण कडीचं सांगितलं. मला त्या दुपारचं काहीच आठवत नाही. मी तुला काय म्हटलं ते मला सांगायचं नसेल तर सांगू नकोस. सांगायचं असेल, तर मी ऐकेन. मी तेव्हा आजारी होते असं म्हणून मला त्यातून सुटायचं नाही. तुझ्या कानांवर ते पडलं, आणि तोंड माझं होतं.

आजाराचे दिवस आणि तुझे दिवस असे वेगळे काढता येतील का, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. नाही येत. झोप उडाली ते आजारानं. पण त्या न झोपलेल्या दिवसांत मी कुणासाठी काय केलं, ते आजारानं ठरवलं नाही. तुझ्यासाठी केलं, कारण तू माझी मुलगी होतीस. एवढं मला कुणी डॉक्टरानं सांगितलेलं नाही, माझं मीच सांगते आहे.

नऊला गोळी घेते, दहाला झोपते. अक्का दारातून डोकावते आणि तिला वाटतं मला कळत नाही. काल आम्ही दोघी बसवनगुडीला जाऊन आलो. आमच्या जुन्या घराच्या जागी चार मजली इमारत आहे. अक्काला रडू आलं. मला नाही आलं. मला तिथे उभं राहून बरं वाटत होतं, आणि हे बरं वाटणं मी कुणाला दाखवू की नको, असा क्षणभर विचार केला. मग अक्काला सांगितलं.

तूही माझ्याकडे बघत राहा, ते मी थांबवू शकत नाही. पण मधूनमधून दुसरीकडेही बघ. तुझं वय आहे.

तुझी,
आई


नागपूर
२१ जून २०२२

प्रिय आई,

तुझं पत्र मी शाळेतून आल्यावर वाचलं, मग जेवले, मग पुन्हा वाचलं. तुझं अक्षर खरंच मावशीपेक्षा चांगलं आहे.

त्या दुपारी तू काय म्हणालीस ते मी तुला सांगणार आहे. पत्रात नाही. तू आलीस की, तू आणि मी दोघीच असताना. मला वाटायचं सांगितलं तर तू मोडशील. आता वाटतं, मी एकटीनं ठेवलं तर मी मोडेन.

दुकानासमोरचं मला माफ कर असं लिहिणार होते, पण तू म्हणतेस चूक नाही, म्हणून लिहीत नाही. फक्त तुला एक सांगते. मी नऊ-दहा वर्षांची असताना तू खूश असलीस की मी नुसती खूश व्हायचे, दुसरं काही नाही. ते मला परत येईल का, माहीत नाही. तसंच्या तसं नाही येणार. मी प्रयत्न करते आहे.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर तू बाबांना फोन केलास ना, त्या वेळी मी शेजारीच होते. तू मावशीला स्कूटर शिकवायला निघालीस, आणि शेषगिरीकाका फाटक धरून उभे राहिले, ते तू सांगत होतीस, आणि हसत होतीस. मला इथपर्यंत ऐकू येत होतं. फोन ठेवून बाबा माझ्याकडे वळले. मग त्यांनी नेहमीसारखं हळूच विचारलं, "शालू, आवाज कसा वाटला तुला तिचा?"

मी म्हटलं, "आनंदी."

ते माझ्याकडे बघत राहिले, मी पुढे काही बोलेन म्हणून.

"आनंदी म्हणजे आनंदीच, बाबा," मी म्हटलं आणि ताटं उचलायला उठले.

तुझी,
शालू